दुसऱ्या मजल्यावरचा खुलासा

बाई, आपली बिल्डिंग पाडतायत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तेव्हा ही बातमी कळवायची तशी काही घाई नाही. शिवाय बिल्डिंग आतून केव्हाच पडली होती, आता फक्त बाहेरून पाडायची राहिलीय. जिन्याच्या तोंडाला पत्रे ठोकलेत, खालच्या शटरांवर लाल रंगात फुल्या मारल्यात, आणि समोरून मेट्रो अशी खेटून जाते की आपल्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभं राहिलं तर डब्यातल्या माणसाच्या मोबाइलवर काय चाललंय ते वाचता यावं. तुम्ही असतात तर खिडकीला आतून वर्तमानपत्र चिकटवलं असतंत. मुलींचं लक्ष जातं म्हणून.

मला हे कळलं ते मालकांच्या नातवाच्या फोनवरून. मालक म्हणजे ज्यांना अख्खी बिल्डिंग आबा म्हणायची ते. नातू आता स्वतःच बिल्डर आहे. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, गळ्यात सोनं, आणि बोलणं मात्र थेट आबांचं. त्याला नव्या टॉवरच्या गुळगुळीत पुस्तिकेत छापायला जुन्या बिल्डिंगचा इतिहास हवा होता.

“ताई, तुमी पेपरात लिवता न्हवं? मग आमचंबी दोन पानं लिवा की. मार्केटिंगची पोरं म्हणत्यात, जरा हेरिटेज फील पायजे.”

“पाडताय आणि हेरिटेज?”

“मग! उभ्या बिल्डिंगीला कोण हेरिटेज म्हणतंय व्हय?”

मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, “अन् त्यात त्या टायपिंगवाल्या बाईंचा किस्सा टाकाच. आबा लई रंगवून सांगायचे. त्या बाईनं कंपनीच्या सायबाला घड्याळावरनं असं काय लिवून धाडलं, की कंपनी तिसरा मजला घेणार हुती ती आलीच न्हाई. सात वर्सं पारवं राहत हुतं वर. लई तिखट तोंडाची बाई, आबा म्हणायचे.”

फोन ठेवून मी गॅसवरच्या दुधाकडे बघत उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांदेखत ते उतू गेलं. बाई, तुमचं तोंड तिखट नव्हतं. माझं होतं. हे त्या बिल्डिंगीत दोघींनाच माहीत होतं, आणि आता एकीलाच माहीत आहे.

इतिहास लिहायला बसले. सुरुवात सोपी होती. आबांचं ज्वारीचं रान, त्याला लागून हायवे, हायवेपलीकडे एकेक करून आलेल्या कंपन्या. आबांनी पुण्यात कुठेतरी चार मजली इमारत बघितली आणि तशीच आपल्या रानात उभी केली, या रस्त्यावरची पहिली. फक्त चार मजली इमारतीला बैल येत नाहीत हे त्यांच्या मनाला पटेना, म्हणून फाटकापाशी पाण्याचा हौद बांधून घेतला. लोक त्यात सायकली धुवायचे. लिफ्टसाठी वरपासून खालपर्यंत उभी मोकळी जागाही सोडली होती, तिच्या दारावर पेंटरकडून ‘लिफ्ट बंद आहे’ असं रंगवून घेतलं होतं. लिफ्ट कधीच आली नाही. पण चालू असलेली वस्तू बंद पडलीय असं वाटलं की माणसं तक्रार करत नाहीत, निमूट जिना चढतात, हे आबांना कुठल्याही शाळेत न जाता कळलं होतं.

पुढचा इतिहास म्हणजे भाडेकरू. कंपन्या तेजीत होत्या तेव्हा तळमजल्यावर बेअरिंगं आणि ग्राइंडिंगची चाकं विकणारे होते. कंपन्यांत संप झाले तेव्हा पहिल्या मजल्यावर वकील आले. संप मिटले, स्वेच्छानिवृत्ती आली, लोकांच्या हातात एकगठ्ठा रक्कम आली, तेव्हा वकिलांच्या जागी गुंतवणूक सल्लागार आले. गुंतवणुका बुडाल्या, तेव्हा पुन्हा वकील आले. मग कॉम्प्युटर क्लास, मग मोबाइल दुरुस्ती, आणि कंपन्या चाकणकडे सरकल्यावर शेवटी एक जिम, जिथे दिवसभर खुर्चीत बसून काम करणारी मुलं त्यांच्या आज्यांनी डोक्यावरून वाहिलं असतं तेवढं ओझं पैसे भरून उचलायची. असं मी भराभर लिहीत गेले आणि दुसऱ्या मजल्यापाशी येऊन थांबले. तिथे तुम्ही बसला होतात.

टायपिंगचा क्लास, बारा मशिनं. नऊ इंग्रजी, तीन मराठी. मुलींनी बोटांकडे बघू नये म्हणून कळफलकावर घालायला तुम्ही फडकी शिवली होतीत, तीही यजमानांच्या कंपनीच्या जुन्या निळ्या युनिफॉर्मची. एका फडक्याला खिसा तसाच राहिला होता, त्यात तुम्ही खोडरबर ठेवायचात. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले दातेरी गिअर म्हणजे कंपनीत रिजेक्ट झालेला माल. मी पहिल्या दिवशी म्हणाले होते, “बाई, इथे सगळं रिजेक्टच जमा होतं वाटतं?” बारावीला दुसऱ्यांदा नापास होऊन आले होते, तेव्हा त्यात मीही होते. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि तुमच्या कोकणी वळणात म्हणालात, “होय गो. पण वजन आहे ना त्यांना? बस तिसऱ्या मशिनवर.”

बाबांनी मला तिथे घातलं ते सरळ हिशेबानं. ते लातूरकडून येऊन हायवेपलीकडच्या सगळ्यात मोठ्या कंपनीत हीट ट्रीटमेंटला, लोखंड तापवायच्या भट्टीवर लागलेले, आणि ती कंपनी दरवर्षी तुमच्याकडच्या एकदोन मुली टायपिस्ट म्हणून घ्यायची. मी मिनिटाला तीस शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हावं आणि थंडगार ऑफिसात बसावं, एवढंच त्यांचं स्वप्न होतं. भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाचं स्वप्न थंडगारच असणार.

पण मी खरं शिकले ते दुपारी. दुपारी बाकीच्या मुली नसायच्या, कामगार यायचे, हातात चार्जशीट. कंपनीनं आरोप ठेवला की अठ्ठेचाळीस तासांत लेखी खुलासा द्यावा लागायचा, आणि तो टाईप केलेला असला तर साहेब निदान वाचतो अशी समजूत होती. तुम्ही त्यांना समोर स्टुलावर बसवून आधी सगळं बोलू द्यायचात. मग मजकूर टाईप व्हायचा, मग तुम्ही तो सावकाश वाचून दाखवायचात, आणि मग म्हणायचात, “आता यात काय लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा बघू.” माणूस सांगायचा. त्याचं सांगणं आणि कागद जुळले तरच सहीला पेन मिळायचं. नाही जुळले तर कागद फाडून दुसरा. मला तो निव्वळ वेळेचा खेळखंडोबा वाटायचा. त्यातल्या बहुतेकांना वाचता येत होतं. ‘उपरोक्त विषयान्वये’ मात्र कोणालाच वाचता येत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

तो माणूस आला तेव्हा तुम्ही बँकेत गेला होतात आणि क्लास माझ्यावर सोपवला होतात. बाबांच्याच कंपनीतल्या प्रेस शॉप खात्यातला होता, बोलण्यावरून आमच्याच भागातला. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं चार्जशीट.

“बाई न्हाईत का?”

“येतील तासाभरात. मी देते लिहून.”

“लिव्हा मग ताई. पाचाच्या आत गेटवर द्यायचंय.” तो स्टुलाच्या कडेवर टेकला. “भोंगा व्हायच्या आत मी मशिनवर हुतो बघा. सायेब म्हणला, दोन मिनिटं लेट, अर्धा दिवस खाडा. मी म्हणलं, सायेब, तुमचं घड्याळ पुढं हाय. एवढंच म्हणलं, आईशप्पथ. तर लिव्हलंय काय, उद्धट वर्तन!”

मला हसू आलं. मला हसताना बघून तोही थोडा हसला, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. मी कागद लावला आणि लिहिलं, ‘सुपरवायझर साहेबांचे मनगटी घड्याळ कंपनीच्या भोंग्यापेक्षा थोर आहे, हे माझ्या अल्पबुद्धीला त्या दिवशी उमगले नाही. यापुढे मी भोंग्यावर विश्वास ठेवणार नाही, याची हमी देतो.’ आयुष्यात पहिल्यांदा मला मीच लिहिलेलं काहीतरी आवडलं होतं. वाचून दाखवायचं राहिलं. राहिलं म्हणजे विसरले नव्हते. वाचून दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, ताई, हे नको. आणि ते वाक्य मला जाऊ द्यायचं नव्हतं.

त्यानं सही केली. “बरं लिव्हलंय न्हवं?”

“एकदम बरं.”

“लई उपकार झाले,” म्हणाला आणि जिन्यानं धावत खाली गेला.

तिसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा तुम्ही होतात. त्याला कामावरून घरी बसवलं होतं, चौकशी लागली होती, आणि चार्जशीटमध्ये एक कलम वाढलं होतं, खुलाशातही उद्धटपणा. तो दारातच उभा. “बाई, ह्यात काय लिव्हलंय ओ? सायेब म्हणतो, तू आमची चेष्टा करतोस. म्या कुठं चेष्टा केली?” तुम्ही फायलीतून कार्बन कॉपी काढलीत. वाचताना एका ओळीपाशी तुमच्या ओठांचा कोपरा हलला. मी पाहिलं, बाई. क्षणभरच. मग तुम्ही कागद खाली ठेवलात, त्याला पाणी दिलंत आणि मला विचारलंत, “तुझे बाबा त्याच कंपनीत ना?” मी मान हलवली. माझं नाव सांगितलं असतं तर पुढचं चार्जशीट भट्टीपर्यंत पोचलं असतं, हे मला तेव्हा तुमच्या प्रश्नावरून कळलं.

तुम्ही म्हणालात, “लाव कागद.” आणि माझ्याकडूनच टाईप करून घेतलंत. सदर खुलाशाचा मजकूर आमच्या संस्थेत तयार झाला, कामगाराला तो वाचून दाखवण्यात आला नाही, त्यात त्याचा काही दोष नाही, मजकुराची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. माझी बोटं एक कळ सोडून दुसरीवर पडत होती, तीन कागद वाया गेले. शेवटी जमल्यावर तुम्ही म्हणालात, “वाच.” मी वाचलं. मग तुमचाच नियम तुम्ही स्वतःला लावलात. “म्हणजे काय, तर चूक माझी,” एवढं बोलून पेन उचललंत आणि सही केलीत. मग चपला घालून त्या माणसाबरोबर कंपनीच्या गेटवर गेलात. एक दिवस नाही, चार दिवस. पर्सोनेल ऑफिसर भेटायला वेळ देत नव्हता, तुम्ही सिक्युरिटीच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून राहायचात, असं त्यानंच नंतर येऊन सांगितलं, कामावर परत घेतल्यावर, पेढे घेऊन. पेढा त्यानं मलाही दिला. मी खाल्ला.

त्या वर्षी कंपनीनं तुमच्याकडची एकही मुलगी घेतली नाही. पुढच्याही वर्षी नाही. आणि कंपनीचं बाहेरचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर यायचं होतं, तेही आलं नाही. ते या कागदामुळेच आलं नाही की दुसऱ्या कशामुळे, देव जाणे, पण आबांनी दोन आणि दोन चार केले. भर क्लासमध्ये आले, बारा मशिनं चालू असताना.

“बाई, तुमचं त्वांड लई चालतंय. माझा वरचा मजला गेला तुमच्यापायी.”

तुम्ही उभ्या राहिलात. “होय आबा. चुकलंच माझं.”

“अवो, बायामाणसानं सायबाला घड्याळ दाखवायचं आसतं व्हय?”

“नाही आबा.”

मी तिसऱ्या मशिनवर होते. उठून दोन शब्द बोलायला फार तर पाच सेकंद लागले असते. मी टाईप करत राहिले. आबा गेले, तुम्ही बसलात, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, “तुझा वेग का गो मंदावला?” एवढंच. त्यापेक्षा कानाखाली वाजवली असतीत तर बरं झालं असतं.

बोललात ते आठवड्यानं, मशिनची फीत बदलता बदलता, जणू फितीबद्दलच बोलताय. “तुला लिहिता येतं. फार थोड्यांना येतं ते. पण चेष्टा करायची तर खाली सही आपली करायची. भोगायचं त्यानं आणि हसायचं आपण, असं नाही चालत.” मग जिन्याच्या वळणावरच्या नोटीस बोर्डाची अर्धी बाजू तुम्ही मला दिलीत. दर शनिवारी एक कागद, विषय बिल्डिंगीतला, खाली संपूर्ण नाव. मला तेव्हा ती शिक्षा वाटली. ते माझं पहिलं सदर होतं. पहिल्या शनिवारी मी लिफ्टवर लिहिलं, की ही लिफ्ट इतकी नम्र आहे की ती आजवर कोणाला दिसलेलीच नाही. आबांनी बेअरिंगवाल्याकडून वाचून घेतलं आणि काठी टेकत वर आले.

“कुणी लिवलंय हे?”

“मी, आबा.” नाव खाली होतंच, नाकारायची सोय नव्हती.

ते माझ्याकडे बघत राहिले आणि एकाएकी पोट धरून हसले. “झ्याक लिवलंय. पर लिफ्ट न्हाई बसायची, आधीच सांगतो.”

तेव्हा सांगता आलं असतं. माणूस हसत होता, माझ्यावर खूश होता. म्हणता आलं असतं, आबा, ते घड्याळाचंही मीच. नाही म्हटलं. आवडून घ्यायची चटक लागली होती मला, आणि ती लागली की माणूस खरं बोलणं पुढच्या शनिवारवर ढकलतो.

त्या अर्ध्या बोर्डावर मी आजवर जगत आलेय, बाई. टायपिस्ट झाले नाही, बाबांना थंडगार ऑफिस दाखवता आलं नाही, पण निगडीतला हा फ्लॅट, पेपरातली जागा, शिव्यांची आणि कौतुकाची पत्रं, सगळं तिथून निघालं. नगरसेवकांवर लिहिलं, बिल्डरांवर लिहिलं, माझ्याच सोसायटीच्या अध्यक्षांवर लिहिलं आणि दोन महिने आमचं पाणी सोडून सगळ्यांचं पाणी वेळेवर आलं. पण प्रत्येक वेळी सही माझी होती आणि भोगलं ते मीच. आणि एखाद्या लेखात आमचा वॉचमन किंवा स्वयंपाकाच्या मावशी आल्या की छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवते. परवा मावशी म्हणाल्या, “ताई, ही बाई लईच खमकी दाखवलीया, मी अशी न्हाई, पर राहू द्या.” संपादक म्हणतात, यात फार वेळ जातो. मी म्हणते, जातो.

तुम्ही गेलात तेव्हा मला पंधरा दिवसांनी कळलं. मशिनं तोवर भंगारात गेली होती. मी तुमच्या घरी येऊन गेले, यजमानांशी बोलले, तुमच्या शिकवण्याबद्दल पुष्कळ चांगलं बोलले. घड्याळाचं तेव्हाही नाही बोलले. आता बाबाही गेले, ती कंपनीही दुसऱ्याच कोणाची झाली, खरं सांगितल्यानं कोणाचं केसभरही नुकसान होणार नाही. आणि तरी, सांगते, दुसऱ्या मजल्याचा परिच्छेद लिहायला मला बाकीच्या तीन मजल्यांपेक्षा जास्त दिवस लागले. एकदा तर मी तुमचा किस्सा नातवाला हवा तसाच लिहिलाही. तिखट बाई, साहेबाचं घड्याळ, पारवे. वाचायला झकास वाटत होता. शेवटी तो पुसला आणि चार ओळी लिहिल्या. तो खुलासा बाईंनी नाही, त्यांच्या एका विद्यार्थिनीनं लिहिला होता. कामगाराला न वाचून दाखवता. बाईंनी तो स्वतःवर घेतला. ती विद्यार्थिनी मी. खाली सही.

काल नातवाचा फोन आला. “ताई, वाचलं मी. पर तुमी तर स्वतःलाच घेतलंय की ह्यात. बाईंचा किस्सा भारी वाटत हुता.”

“तो बाईंचा नव्हताच.”

तो म्हणाला, “म्हंजी आमचा तिसरा मजला तुमी घालवला.”

“मी घालवला.”

“आबा असते तर सात वर्साचं भाडं मागितलं असतं तुमाला,” तो हसला. “न्हाई, ऱ्हाऊ द्या तसंच. छापतो. त्या बाईंना आमच्यात उगाच नावं ठेवत्यात, ते तरी बंद हुईल.” आणि फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, “अन् त्या कामगाराचं नाव काय टाकू? मार्केटिंगची पोरगी म्हणतीया, त्याच्या घरचं कुणी घावलं तर फोटो काढू.”

पुस्तिकेत चार ओळी मावल्या, न मावलेलं इथे लिहिलंय, आणि हे कुठे पाठवायचं नाही हे पहिल्या ओळीपासून माहीत होतं. तरी यातलं एक तुम्हाला सांगायलाच हवं. त्याचं नाव मीच टाईप केलं होतं, खुलाशाच्या खाली, कंपनीतल्या टोकन नंबरासकट. ते घड्याळाचं वाक्य मला आजही स्वल्पविरामांसकट पाठ आहे, आणि अजूनही आवडतं. नाव आठवत नाही, बाई.